अर्ध्या मापाचे बुलेट इंजिन

आपल्या अभ्यासिकेच्या खिडकीशेजारी काचेच्या पेटीत ॲल्युमिनियम आणि सागवानी लाकडाचे एक यंत्र ठेवलेले आहे. येणारा प्रत्येक जण ते काय आहे म्हणून विचारतो. कोणाला ती पाण्याची मोटर वाटते. दौंडकडून येणारी मंडळी रेल्वेत वाढलेली, त्यामुळे 'इंजिन' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळेच काही येते. हे इंजिन आहे जुन्या 350 सीसी बुलेट मोटारसायकलचे, अगदी निम्म्या मापाचे. ते पेट्रोलवर चालत नाही. बाजूची मूठ हाताने फिरवली की आतला प्रत्येक भाग ज्या क्रमाने हलायला हवा त्या क्रमाने हलतो. ते कसे तयार झाले हे स्मरणिकेसाठी लिहावे, असा मंडळींचा आग्रह पडला. मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. यंत्रशास्त्रातला अधिकारी म्हणून मी लिहीत नाही. चुका करीत करीत जे कळले तेवढेच सांगतो.

बुलेटच का निवडली? आपल्या भागात ही गाडी सर्वांच्या ओळखीची. दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतीत, शिरूरच्या बाजारात, घोड आणि भीमेकाठच्या उसाच्या रस्त्यांवर तिचा आवाज लहानपणापासून ऐकलेला. मूळची ही इंग्लंडची. 1955 च्या सुमारापासून मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे ती तयार होऊ लागली. इंग्लंडमधील मूळ कंपनीचे उत्पादन 1970 च्या सुमारास थांबले, पण मद्रासचे हे बिडाच्या सिलिंडरचे इंजिन फारसा बदल न होता 2010 च्या आसपासपर्यंत निघत राहिले. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने याचा मोठा गुण म्हणजे सगळे सुटे सुटे आहे. सिलिंडर वेगळा, हेड वेगळे, गिअरबॉक्स मागे बोल्टने जोडलेला. तेलाची टाकीसुद्धा क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला. कोणता भाग कशासाठी आहे हे नुसते पाहूनही बरेचसे समजते.

मापे घ्यायला इंजिन हवे होते. आपल्या संस्थेचे एक सभासद शिरूरला गॅरेज चालवतात. आम्ही सारे त्यांना मामा म्हणतो. त्यांच्याकडे क्रँककेस फुटलेले एक इंजिन भंगारात पडून होते. ते त्यांनी पोत्यात घालून दिले आणि त्याच्याबरोबर गॅरेजमधला एक मुलगाही दिला. दहावीत नापास होऊन तीन वर्षे हा मुलगा त्यांच्याकडे कामाला होता. रविवारी आम्ही दोघे अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत बसू लागलो.

पहिल्या रविवारी सगळे भाग सोडवून सतरंजीवर मांडले. ती मांडणी पाहून मला नागसेन भन्तेंचा रथ आठवला. मिलिंद राजाला त्यांनी विचारले होते, की महाराज, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. सर्वांच्या विशिष्ट जुळणीला रथ हे नाव आहे, एवढेच हाती राहिले. परमपूज्य बाबासाहेबांनी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले ते आपणा सर्वांना माहीत आहे. पण तो संवाद आपल्यापैकी किती जणांनी वाचला असेल कोण जाणे. असो. सतरंजीवर पिस्टन होता, पुशरॉड होते, दोन्ही फ्लायव्हील होते. इंजिन मात्र कोठेच नव्हते.

आता मापाकडे वळू. विद्यार्थी मित्रांनो, 'निम्मे माप' हे शब्द फसवे आहेत. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. यावरून आकारमान काढले तर 346 घन सेंटिमीटर येते, त्यालाच आपण 350 सीसी म्हणतो. मॉडेलमध्ये व्यास 35 झाला, धाव 45 झाली. मग आकारमान निम्मे म्हणजे 173 झाले का? नाही. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, उंची निम्मी, म्हणून आकारमान दोनाचा तीन वेळा भाग जाऊन आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे 43 सीसी. वजनाचेही तसेच, त्याच धातूचे केले तर आठवा हिस्सा. पृष्ठभाग मात्र चौथा हिस्सा राहतो.

या एका गणितातून पुष्कळ गोष्टी उलगडतात. इंजिन लहान केले की आतली हवा आठपट कमी होते, पण तिला वेढणारी भिंत चारपटच कमी होते. म्हणजे हवेच्या मानाने भिंत दुप्पट झाली आणि उष्णता दुप्पट सहज निसटू लागली. म्हणून मोठ्या इंजिनाची हुबेहूब छोटी नक्कल केली तर ती तशीच चालेल असे समजू नये. मॉडेल विमानांची चिमुकली इंजिने मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेतात, त्यामागेही लहान मापाचीच कारणे आहेत. नागपूरचे इक्बाल अहमद हे नखाएवढ्या आकारापर्यंतची चालणारी वाफेची इंजिने करण्यासाठी प्रसिद्ध आहेत. पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून आहे. दौंडकर पालकांनी ते मुलांना अवश्य दाखवावे. तेथील इंजिने मूळच्या गाडीसारखी दिसतात, पण चालतात विजेवर. काय हुबेहूब ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे प्रत्येक करणाऱ्याला आधी ठरवावे लागते. आम्ही ठरवले की हालचाल खरी ठेवायची आणि स्फोट सोडायचा.

सिलिंडरभोवतीच्या पाकळ्या हे दिसायला सर्वांत अवघड काम, प्रत्यक्षात ते सर्वांत सोपे निघाले. एक मिलिमीटर पत्र्याची मोठी चकती, तिच्यावर तीन मिलिमीटरची लहान चकती, पुन्हा मोठी, पुन्हा लहान, अशी चळत नळीवर चढवत गेले की पाकळ्या तयार होतात. कडा कानशीने थोड्या उतरत्या करायच्या, कारण मूळ ओतकामात पाकळी मुळाशी जाड आणि टोकाला पातळ असते. पुशरॉड सायकलच्या स्पोकचे केले. क्रँककेस सागवानाची, वर ॲल्युमिनियमचा रंग. हेडचे बारीक उंचवटे एम-सीलचे. पिस्टन आणि सिलिंडरची नळी मात्र लेथवर करून घ्यावी लागली. गिअरबॉक्सच्या आत आम्ही काही केले नाही. तो बाहेरून गिअरबॉक्स, आतून लाकडाचा ठोकळा आहे.

बोल्टांनी पंचाईत केली. जुन्या बुलेटचे आटे इंची मापाचे. 5/16 इंची बोल्टाचे निम्मे 5/32 इंच, म्हणजे जवळजवळ 4 मिलिमीटर. बाजारात 4 मिलिमीटरचा स्क्रू मिळतो, पण त्याचे आटे मापाच्या मानाने जाडे असतात. डोके लहान करून आम्ही तेच वापरले. कोणी भिंग घेऊन पाहिले तर आमची चोरी सापडेल.

खरी फजिती झाली ती फटीची. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये मूळ इंजिनात केसाच्या जाडीइतकी फट असते. मी वहीत तिचेही निम्मे लिहिले आणि लेथवाल्याने मोठ्या मेहनतीने तसे करून दिले. शिवाय आतले दिसावे म्हणून नळीचा चौथा भाग उभा कापला, तसा तिचा गोल किंचित मोडला. पिस्टन आत गेला तो अडकलाच. त्यात जुलै उजाडला. लाकडाचे फ्लायव्हील केले होते, ते पावसाळी हवेने फुगून क्रँककेसला घासू लागले. मूठ फिरेना. चार महिन्यांचे काम टेबलावर दगडासारखे बसले.

तेव्हा तो मुलगा म्हणाला, "दादा, फट निम्मी करायची नसती. फट तेलासाठी आन् गरम झाल्यावर फुगण्यासाठी असती. आपल्या इंजनात तेल हाय का? गरम व्हतंय का?" मी गप्प झालो. फट हा भाग नाही, तिला वजन नाही, ती चित्रात दिसत नाही; म्हणून मी तिला भागाकाराने निकालात काढले होते. ती कशासाठी आहे हे विचारलेच नव्हते. मग पिस्टन तीन दशांश मिलिमीटरने बारीक केला, फ्लायव्हील ॲल्युमिनियमचे केले आणि त्यांच्या बाजूला भरपूर जागा ठेवली. मूठ फिरली.

आता या मॉडेलचा जो गाभा आहे तो सांगतो. बुलेट हे चार धावांचे इंजिन. पिस्टन खाली येतो तेव्हा पेट्रोलमिश्रित हवा आत येते. वर जातो तेव्हा ती दाबली जाते. ठिणगी पडून पिस्टन पुन्हा खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळका धूर बाहेर जातो. या चार धावांत क्रँक दोनदा फिरते, पण आत घेणारा व्हॉल्व्ह एकदाच उघडतो आणि बाहेर सोडणाराही एकदाच. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरले पाहिजेत. त्यासाठी क्रँकवरच्या चाकाच्या दुप्पट दात कॅमच्या चाकाला असतात. आम्ही अशी चाके पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या मोडक्या प्रिंटरमधून काढली, वीस आणि चाळीस दातांची. दातांची संख्या मूळ इंजिनाप्रमाणे नाही, पण प्रमाण तेच आहे, आणि तसे पेटीवरच्या चिठ्ठीत लिहून ठेवले आहे. क्रँक मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर ठिणग्या पंधराशे पडतात, सेकंदाला पंचवीस. मुलांनी मूठ हळू फिरवून हे मोजावे, दोन फेऱ्यांना एक ठिणगी. ठिणगीच्या जागी तांबडा दिवा लावला आहे.

सगळे जुळल्यावर मामांना बोलावले. त्यांनी चष्मा चढवला, मूठ दोनदा फिरवली आणि म्हणाले, "दादा, हे धूर आत ओढतंय आन् हवा बाहेर टाकतंय." दोन्ही कॅमची आम्ही अदलाबदल केली होती! मी पुस्तकातली आकृती घेऊन बसलो होतो तरी मला ते दिसले नाही, आणि मामांना दोन फेऱ्यांत दिसले. मग पुशरॉड बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी दाखवले. इंजिन थंड असताना तो बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. बुलेटचा टॅपेट असाच लावतात, मापाची पट्टी लागत नाही. मामा आपल्या संस्थेचे कित्येक वर्षांचे वर्गणीदार. आजवर आपण त्यांना व्यासपीठावर कधी बोलावले नाही, मंडपाच्या जनरेटरसाठी मात्र दर वर्षी बोलावतो. हे लिहिणे काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे असा त्यांचा आग्रह होता.

जुनी बुलेट सुरू करणे ही एक विद्याच होती, आणि तिचे कारण मॉडेलवर छान समजते. अँपिअरच्या काट्याकडे पाहत किक हळूहळू दाबायची. काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन दाबाच्या धावेत अगदी वर आला आहे. तेथे जोर केला तर किक उलटते आणि पाय सुजतो. म्हणून डीकॉम्प्रेशरची लहान दांडी ओढून दाब सोडायचा, पिस्टन माथ्यापलीकडे किंचित उतरवायचा, दांडी सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग एकच जोरदार किक मारायची. आता इंजिनाला दाबाच्या पुढच्या धावेपर्यंत गती घ्यायला जवळजवळ दीड फेरा मिळतो. आमच्या शेजारचे एक फौजदार रोज सकाळी हे करीत आणि आम्ही मुले दारात उभे राहून पाहत असू. त्यामागचे कारण कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

त्या मुलाविषयी थोडे. व्हर्निअर हातात घेतला तेव्हा त्याला दशांश चिन्ह वाचता येत नव्हते. पॉइंटची फट तो नुसत्या नजरेने लावतो आणि ती बरोबर भरते, पण तीच 0.35 अशी लिहिलेली असली की घाबरतो. मी त्याला वहीवर लिहायला लावले आणि तो मला इंजिन हाताळायला लावी. दिवाळीपर्यंत त्याने सव्वाशे मापे स्वतःच्या अक्षरात लिहिली. ती वही पेटीशेजारी ठेवली आहे, कोणीही पाहावी. या वर्षी त्याने दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म भरला आहे. गणिताची त्याला अजून धास्ती आहे. सभासदांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी रविवारी दुपारी तासभर दिला तर बरे होईल.

मॉडेल अजून पुरे झालेले नाही. मूळ इंजिनात तेल फिरवणारे दोन पंप असतात. ते क्रँकच्या टोकावरच्या मळसूत्री दातांनी फिरतात, आणि ते आम्हांला अजून साधलेले नाहीत. डिस्ट्रिब्युटरचे टोपणही व्हायचे आहे. कापलेल्या कडांना वर्कशॉपच्या रीतीप्रमाणे तांबडा रंग द्यायचा आहे. कोणाकडे बंद पडलेले प्रिंटर, टेपरेकॉर्डर, भिंतीवरची घड्याळे असतील तर ती भंगारवाल्याला देण्याआधी अभ्यासिकेत आणून द्यावीत. आतली लहान चाके आम्हांला हवी आहेत, विशेषतः पितळेची.