तीस मिलीचं माप

मागच्या एप्रिलमध्ये लेकीकडे पणजीला पंधरा दिवस राहून आले. शाळेत होते तोवर सुट्टी मिळायची ती पेपर तपासण्यात जायची. त्यामुळे निवृत्तीनंतरचं हे पहिलंच निवांत माहेरपण. हो, माहेरपणच! लेकीनं आईचं केलेलं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ती ऑफिसातून आली, हातपाय धुतले आणि ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आई, शनिवारी मी एक जिन-टॉनिक घेते. आज शनिवार आहे. तुझ्यापासून लपवून काही करायचं नाही असं ठरवलंय. चालेल?"

माझ्या हातात निवडायला घेतलेली तांबडी भाजी होती. ती तशीच राहिली.

आमच्या घरात हा विषय निघत नाही, त्याला कारण आहे. माझा थोरला भाऊ दारूनं गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. आई तांदळाच्या डब्यात पैसे लपवायची आणि तो डबा जमिनीवर उपडा करायचा. पसरलेले तांदूळ सुपात भरणारी आई मला अजून दिसते. वहिनीनं पुढे शिवणकामावर दोन मुलं वाढवली. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं, तेव्हा मी आणि वहिनी घरोघर फिरलो होतो. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. नुसतं आलेल्या बायकांपैकी निम्म्यांनी शिक्का मारून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त 'आडवी'ला लागतात. म्हणून ज्यांना चालवत नव्हतं अशा आज्यांनाही आम्ही रिक्षातून आणलं होतं.

तर अशा वहिनीची मी नणंद. आणि माझी लेक मला विचारतेय, चालेल का!

"नाही" म्हटलं असतं तर तिनं ग्लास ठेवून दिला असता, एवढी मला खात्री होती. पण पुढचा शनिवार ती कुठे आणि कशी घालवते हे मला कधीच कळलं नसतं, याचीही खात्री होती.

"कर," मी म्हटलं. "पण माझ्यासमोर कर. काय काय घालतेस ते बघू दे." तीस वर्षं विज्ञान शिकवलं, प्रयोग बघितल्याशिवाय मत द्यायची सवय नाही.

तिनं कपाटातून एक छोटंसं स्टीलचं माप काढलं. आपल्या तेलाच्या पळीएवढं. एका बाजूनं तीस मिली, उलटं केलं की साठ. "हे आधी," ती म्हणाली. "बाटलीतून थेट ग्लासात ओतायचं नाही. कधीच नाही." मग उंच काचेचा ग्लास घेतला आणि तो काठोकाठ बर्फानं भरला. मी लगेच म्हटलं, "अगं, दोन खडे पुरेत, घसा धरेल!" तर ती हसली. "आई, तूच शिकवलंस ना? बर्फ जास्त असला की पेय पटकन थंड होतं आणि मग बर्फ कमी वितळतो. दोनच खडे टाकले तर ते विरघळून जातात आणि सगळं पाणचट होतं." शास्त्र बरोबर होतं. माझ्याच वर्गात शिकलेलं माझ्यावरच उलटवलं कार्टीनं.

बर्फाचं मात्र एक आहे हं. तो फ्रीजमधले वास धरतो. तिच्या फ्रीजरमध्ये सुके बोंबील होते, म्हणून बर्फाचा ट्रे तिनं झाकणाच्या डब्यात ठेवला होता. आपल्याकडे कापलेला कांदा, लसणाची चटणी असं काही ना काही असतंच. त्यामुळे सरबत करा नाहीतर पन्हं, बर्फ झाकूनच ठेवावा. पाणी उकळून गार करून लावलं तर खडे थोडे स्वच्छ दिसतात, हेही तिच्याकडूनच कळलं.

मग तीस मिली जिन. मी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं. आणि काय वाचावं, धने! मला वाटायचं, दारू म्हणजे सगळी सारखीच, आग आणि वास. पण जिन हा प्रकार आपल्या मसाल्यासारखा निघाला. बिनचवीच्या मद्याला ज्युनिपर नावाच्या झाडाच्या निळसर-काळ्या फळांचा स्वाद द्यायचा, ते असल्याशिवाय जिन म्हणत नाहीत. त्याच्या जोडीला बहुतेक ठिकाणी धने, संत्र्या-लिंबाची साल, कुठे वेलची, कुठे दालचिनी. या ज्युनिपरला आपल्या आयुर्वेदात हपुषा म्हणतात आणि तो हिमालयात होतो. गोव्यात २०१७ सालापासून अशी भारतीय जिन बनायला लागली. त्यातल्या एकीचं नावच 'हपुषा' आहे.

टॉनिकचा डबा फ्रीजमधून तेव्हाच काढला, तेव्हाच फोडला. गार पाण्यात वायू जास्त धरून राहतो, कोमट झालं की फसफसून जातो. म्हणून ग्लास, जिन, टॉनिक सगळंच गार हवं आणि मोठी बाटली आणून अर्धी उद्यासाठी ठेवायची नाही. ग्लास तिरका धरून टॉनिक कडेनं हळू ओतलं, जिनच्या चौपट-पाचपट. चमच्यानं एकदाच, तळापासून वर. ढवळत बसायचं नाही, नाहीतर बुडबुडे जातात. शेवटी लिंबू. इथे पुष्कळ लोक चुकतात म्हणे. परदेशी पुस्तकात फोड पिळा म्हणतात ती त्यांच्या लिंबाची. आपलं कागदी लिंबू आंबट जहाल, अर्धं पिळलं तर बाकी काही लागतच नाही. तिनं सालीचा पातळ तुकडा काढला, पांढरा भाग न घेता, तो ग्लासवर मुडपला, काठावरून फिरवला आणि आत टाकला. वर कढीलिंबाची दोन पानं, तळहातावर चापटी मारून. ओट्यावर असा वास सुटला की मी नकळत दोन पावलं पुढे गेले.

आता त्या टॉनिकविषयी. आमच्या शेजारच्या काकूंना मी नंतर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "टॉनिक म्हणजे ताकदीचं ना? मग वाईट काय!" नाही हो, ते नव्हे. या पाण्याचा कडवटपणा क्विनीनचा. तेच ते, हिवतापावरचं औषध, सिंकोना झाडाच्या सालीतलं. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोघांनी ते सालीतून वेगळं काढलं. ती झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतली. १८६० नंतर इंग्रजांनी ती निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपूला लावली, कारण या देशात त्यांची माणसं हिवतापानं पटापट मरत होती. डास हा रोग पसरवतो हे तर रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत १८९७ साली दिसलं. तोवर क्विनीन हाच आधार. आणि क्विनीन म्हणजे कडूजहर! म्हणून साखर, सोडा घालून त्याचं पेय झालं. लंडनच्या एरास्मस बाँडनं १८५८ साली त्याचं पेटंट घेतलं. सैनिकांनी औषध गिळण्यासाठी त्यात जिन घातली, असं सगळीकडे सांगतात. पण जिन-टॉनिकचा जुन्यात जुना छापील उल्लेख सापडतो तो १८६८ सालच्या इथल्याच एका इंग्रजी मासिकात, आणि तोही घोड्यांच्या शर्यतीनंतर तहानलेल्या लोकांचा! औषध आणि चैन यांच्यातली रेघ तेव्हाही पुसटच होती म्हणायची.

आणि आजच्या टॉनिकनं हिवताप जाईल म्हणाल तर मी तिथेच कागदावर हिशेब केला. अमेरिकेत लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनीनची परवानगी आहे. उपचाराला मोठ्या माणसाला दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे चोवीस लिटरच्या आसपास टॉनिक रोज! त्यात साखर वेगळी. शंभर मिलीला आठ-नऊ ग्रॅमपर्यंत असू शकते, म्हणजे एका ग्लासात तीन चमचे. मधुमेह असेल तर डबा वाचून घ्यावा. गरोदर बायकांनी आणि हृदयाच्या ठोक्यांचं औषध चालू असणाऱ्यांनी नुसतं टॉनिकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जिन तर गरोदरपणात नाहीच.

"घेतेस एक घोट?" लेकीनं ग्लास पुढे केला.

घेतला. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा लिंबाची साल, मग गारवा, आणि मागाहून जिभेच्या मुळाशी काडेकिराईत. लहानपणी ताप आला की आई नाक दाबून पाजायची तेच. आणि मला एकदम आईच आठवली. तांदळाचा डबा आठवला. मी ग्लास परत दिला.

"आई, मामाचं नेमकं काय झालं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

खरं होतं. "तो आजारी होता" एवढंच आम्ही मुलांना सांगत आलो. त्या रात्री सगळं सांगितलं. तो मुळात वाईट नव्हता, हे आधी सांगितलं. नोकरी लागली तेव्हा तोही शनिवारीच घ्यायचा. मग दमलो म्हणून बुधवारी, मग झोप येत नाही म्हणून रोज. शेवटी सकाळी हात थरथरतात म्हणून. शेवटच्या वर्षी पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे पिवळे. ती ऐकत होती. ग्लासातला बर्फ वितळून गेला आणि ते तसंच राहिलं.

मग माझ्यातली बाई जागी झाली. तीस मिलीत शुद्ध मद्य किती? जिन साधारण ४३ टक्के, म्हणजे जवळपास १३ मिली, वजनात १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये आई. म्हणून तर माप." मी म्हटलं, "माप बाटलीला असतं गं, माणसाला नसतं. दमलीस, रडू आलं, भांडण झालं, त्या दिवशी घ्यायची नाही. एकटीनं नाही. घेऊन गाडीला हात लावायचा नाही. आणि शनिवारचा बुधवार झाला तर मला फोन करायचा. ओरडणार नाही." तिनं मान डोलावली. विश्वास ठेवायचा की नाही हे मला आजही रोज नव्यानं ठरवावं लागतं.

निघताना ती म्हणाली, "टॉनिकचे डबे ने, नुसतंही छान लागतं." जिन नेण्याचा प्रश्नच नव्हता. गोव्यात वयाची अट २१, आपल्याकडे जिनसारख्या दारूला २५, शिवाय विकत घ्यायला आणि जवळ बाळगायलाही परवाना. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी आपण पेपरात नेहमी वाचतोच. बांद्याच्या पुढे एसटी तपासायला थांबली तेव्हा पिशवीतले सहा डबे बघून त्या माणसानं माझ्याकडे असं काही पाहिलं! मी म्हटलं, "टॉनिक आहे, क्विनीनचं." तो म्हणाला, "तब्येतीला जपा, मावशी."

गडहिंग्लजला आल्यावर एक डबा घेऊन भाच्याच्या दुकानात गेले. तिथे नोटा तपासायचा दिवा आहे, अतिनील उजेडाचा. टॉनिकचा ग्लास त्याखाली धरला की पाणी निळंशार चमकतं! १८४५ साली जॉन हर्शेलनं क्विनीनच्या पाण्यात हाच निळा रंग पाहून लिहून ठेवला होता. भाच्याच्या मुलांनी तर उड्याच मारल्या. आवाज ऐकून वहिनी आतून आली.

"काय आहे?" तिनं विचारलं. नजर डब्यावर.

मी तिच्या ओट्यावरच सरबत केलं. ग्लास बर्फानं भरला, तळाला दोन चमचे कोकमाचं आगळ, चिमूटभर जिरेपूड, वरून टॉनिक हळूहळू. आगळात मीठ असतं, त्यामुळे भसकन ओतलं की फेस ओट्यावर येतो. लिंबाची साल मुडपून टाकली. वहिनीनं ग्लास घेतला, नाकाशी नेला आणि वास घेतला. वीस वर्षांची सवय ती, अजून जात नाही. मग प्यायली.

"कडू आहे. आणि गोडही जास्त."

मी तिला लेकीचं सांगून टाकलं. ग्लासाचं, शनिवारचं, सगळं. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. पदरानं ग्लासाबाहेरचं पाणी पुसत राहिली.

"मोजून घेते?"

"मोजून घेते."

"तेही सुरुवातीला मोजूनच घ्यायचे," वहिनी म्हणाली आणि आणखी बर्फासाठी तिनं ग्लास पुढे केला.