नजर रिंगवर

ऑगस्ट २०२१मध्ये डब्लिनच्या टॅला उपनगरात, नॅशनल बास्केटबॉल अरीनात युरोपातल्या छोट्या देशांची स्पर्धा झाली. मला जागा मिळाली ती नेमकी अधिकाऱ्यांच्या टेबलामागे. त्यामुळे खेळाडू बाजूलाच राहिले आणि मी टेबलावरच्या चौघांनाच बघत बसलो.

खरी गंमत शॉट क्लॉक, म्हणजे संघाला शॉट घ्यायला किती सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ, सांभाळणाऱ्या बाईंची. शॉट सुटला की सगळं मैदान चेंडूबरोबर वर बघायचं. त्या मात्र फक्त रिंगकडे. चेंडू रिंगला लागून पुन्हा त्याच संघाच्या हाती आला तर चौदा सेकंद. दुसऱ्या संघाने पकडला तर पुरते चोवीस. रिंगला न शिवताच परत आला, तर घड्याळाला हातच लावायचा नाही, चालू द्यायचं. रिंगखाली सहा हात एका चेंडूवर पडलेले असताना बोट बटणावर नुसतं टेकवून थांबायचं, चेंडू कोणाचा ते ठरल्याशिवाय दाबायचं नाही. धीर सुटून घाईने दाबलं, तर रेफ्रीला खेळ थांबवून आकडा दुरुस्त करावा लागतो आणि दोन्ही प्रशिक्षकांची बोलणी टेबलावर येतात.

शेजारी गुण लिहिणारा. पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं किंवा काळं. बास्केट झाली की तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव टिंब, तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल.

स्पर्धेत आयर्लंडबरोबर माल्टा, अँडोरा, सॅन मरिनो, जिब्राल्टर. शेवटच्या दोघांची वस्ती तेव्हा प्रत्येकी ३५ हजारांच्या आत; आपल्याकडे एवढ्यात तालुक्याचं गाव होतं. आयर्लंड मात्र ५० लाखांचा देश, तो छोट्यांत कसा? तर २०१०मध्ये डोक्यावरच्या कर्जापायी त्यांच्या संघटनेने वरिष्ठ राष्ट्रीय संघच बंद केले होते; पुन्हा उभं राहायचं ते तळापासूनच. हे छोटेपण बास्केटबॉलमधलं. नियम मात्र मोठ्यांचेच, आणि मला ते आवडलं. समोर जिब्राल्टर आहे म्हणून चोवीसचे पंचवीस कोणी करत नव्हतं.

स्पर्धा आयर्लंडने जिंकली. सामना संपल्यावरही टेबलाची सुटका नसते. बेरजा पुन्हा तपासायच्या, रकान्यांखाली रेघा ओढायच्या, सह्या करायच्या. मुख्य रेफ्रीची सही सर्वांत शेवटी. ती पडेपर्यंत नियमाच्या दृष्टीने या मंडळींचं काम संपलेलं नसतं, खेळाडू तोवर आंघोळीला गेलेले असले तरी.