कूस बदलणारे हात

गेल्या हिवाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांना महागावहून शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात नेले. डॉक्टर नामांकित, औषधे चोख. पण चौथ्या दिवशी त्यांच्या पाठीवर लाल चट्टा दिसला.

"दर दोन तासांनी कूस बदलायची असते ना, सिस्टर?" मी चढ्या आवाजात विचारले.

"असते, सर. पण रात्री चाळीस रोगी आणि मी एकटी."

मी वरमलो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ साली मृत्यू येईपर्यंत. बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळले. इतकी वर्षे पडून राहूनही अंगावर शय्याव्रण नाही, याची वाखाणणी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही केली. माया होतीच, पण मायेला पुरेसे हातही होते!

त्या रात्री सिस्टरने मला कूस बदलायला आणि उशी नेमकी कुठे द्यावी ते शिकवले. चट्टा गेला. यंदा वडील अभ्यंगाला पाटावर बसले.

पण वाचकहो, ज्याच्या उशाशी मुलगा नाही, त्याची कूस कोणी बदलायची?