ब्रेक नळीच्या जोडांतील गळती

ब्रेक नळीच्या जोडांतील गळती हा हायड्रॉलिक ब्रेक प्रणालीतील दोष असून त्यात धातूची नळी, रबरी होज आणि मास्टर सिलिंडर, कॅलिपर वा वाटप करणारा ब्लॉक यांच्या सांध्यांतून ब्रेक ऑइल बाहेर झिरपते. जुन्या वाहनाला नवे ब्रेक बसवल्यानंतर, विशेषतः ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक लावल्यावर, हा दोष वारंवार आढळतो. याचे कारण बहुधा नट सैल राहणे हे नसून एकमेकांशी न जुळणारे भाग एकत्र बसवणे हे असते.

पार्श्वभूमी

हायड्रॉलिक ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. पेडलवरील जोराने मास्टर सिलिंडरमध्ये निर्माण झालेला दाब नळ्यांमधून प्रत्येक चाकापर्यंत पोहोचतो. चारही चाकांना असे ब्रेक असलेली पहिली प्रवासी मोटार म्हणून अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या १९२१ च्या मॉडेल ए चा उल्लेख केला जातो. जोरात ब्रेक दाबल्यास नळीतील दाब ७० ते १०० बारपर्यंत जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब सुमारे २ बार असतो. त्यामुळे हाताने हलके पेडल दाबून कोरडा दिसलेला जोड रस्त्यावरही कोरडा राहील असे गृहीत धरता येत नाही.

जोडाची रचना

नळीचे टोक विशिष्ट आकारात पसरवलेले असते. त्यास फ्लेअर म्हणतात. नट हे टोक समोरच्या बैठकीवर दाबून धरतो. तेल अडवण्याचे काम धातूवर धातू दाबून होते, आट्यांनी होत नाही. आटे फक्त दाब देतात. म्हणूनच नळजोडणीत वापरली जाणारी टेफ्लॉन पट्टी येथे निरुपयोगी असते, शिवाय तिचे तुकडे एबीएसच्या झडपांत अडकण्याचा धोका असतो. टॅपर म्हणजे निमुळत्या आट्यांचे जोड हा अपवाद आहे. काही सुट्या झडपांना असे आटे असतात व तेथे ब्रेक ऑइलमध्ये टिकणारे द्रवरूप सीलंट वापरतात.

प्रचारातील फ्लेअरचे मुख्य प्रकार तीन आहेत. अमेरिकी वाहनांत ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर आढळतो. यात नळीची कड आत दुमडून दुपदरी नरसाळे केलेले असते. युरोपीय वाहनांत बबल फ्लेअर वापरतात, ज्याचे टोक फुगीर असते. ३७ अंशांचा एकेरी फ्लेअर विमाने, औद्योगिक हायड्रॉलिक यंत्रणा आणि शर्यतीच्या गाड्यांत दिसतो. जोडाच्या भोकात टॉर्च मारून पाहिल्यास ओळख पटते. तळाशी वर आलेला शंकू असेल तर दुहेरी फ्लेअर, आणि खोलगट बैठक असेल तर बबल फ्लेअर अपेक्षित असतो. चुकीची जोडी कितीही आवळली तरी बंद होत नाही, उलट बैठक खराब होते.

आट्यांचा घोळ

मूळ अमेरिकी आराखड्याच्या जुन्या जीपसारख्या वाहनांत इंची आटे, तर नंतरच्या मोटारींतून घेतलेल्या कॅलिपर व मास्टर सिलिंडरवर मेट्रिक आटे, अशी सरमिसळ सर्रास होते. ३/१६ इंची नळीचा प्रचलित नट ३/८ इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा असतो. त्याचा व्यास ९.५३ मिमी आणि दोन आट्यांतील अंतर १.०६ मिमी भरते. मेट्रिक नटासाठी हेच आकडे १० मिमी आणि १ मिमी आहेत. फरक इतका थोडा असल्याने इंची नट मेट्रिक भोकात सहज शिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याची पकड वरवरची असते व दाबाखाली तो निसटू शकतो. उलट मेट्रिक नट इंची भोकात एकदोन वेढ्यांनंतर अडकतो. त्यास जोर लावल्यास आटे मरतात. या बदलातील सर्वांत धोकादायक चूक हीच म्हणावी लागेल, कारण गॅरेजमध्ये ती गळतीच्या रूपाने दिसेलच असे नाही. योग्य अडॅप्टर वापरणे किंवा नळीवर योग्य नट चढवून नवा फ्लेअर काढणे, हेच उपाय आहेत.

बँजो बोल्ट

कॅलिपरवर होज जोडण्यासाठी पोकळ बँजो बोल्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. एकदा दाबलेले वॉशर कडक होतात, म्हणून प्रत्येक वेळी नवे घालतात. बोल्ट जास्त लांब असल्यास तो भोकाच्या तळाला टेकतो आणि वॉशर दाबले जात नाहीत. कॅलिपरचा पृष्ठभाग ओतकामाचा खडबडीत असल्यासही तेथे वॉशर बसत नाही.

शोध व दुरुस्ती

प्रथम सर्व जोड ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे करतात, मग एकाने पेडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडाला पांढरा कागद लावून पाहायचे, अशी सोपी पद्धत आहे. वरच्या जोडातील तेल ओघळून खालच्या जोडावर जमते, त्यामुळे तपासणी वरून खाली करतात. पेडल दाबल्यावर मऊ लागत असेल तर प्रणालीत हवा असण्याची शक्यता अधिक. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल तर गळती असते किंवा मास्टर सिलिंडरचे आतील रबर निकामी झालेले असते.

फ्लेअर व आटे जुळत असूनही जोड ओला राहिल्यास नट सैल करून पुन्हा आवळणे, असे दोनतीनदा केल्याने टोक बैठकीवर बसते. स्टेनलेस स्टीलची नळी कडक असल्याने तिच्या बाबतीत हे बरेचदा करावे लागते. निकल-तांबे मिश्रधातूची नळी त्या मानाने सहज वळते, तिचा फ्लेअरही चांगला निघतो. शुद्ध तांब्याची नळी कंपनांनी थकून तडकते. ती ब्रेकसाठी वापरू नये. १० मिमी नटाला साधारणतः १२ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. साध्या पान्याने कडा झिजतात, यासाठी नटाला बहुतेक बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना वापरला जातो. टोकाला भेग, तिरपेपणा किंवा कापताना राहिलेली कड दिसल्यास ते कापून नवा फ्लेअर काढावा लागतो, आणि नट आधी नळीत घालण्याचा विसर पडल्यास तेच काम पुन्हा करावे लागते.

जोड उघडल्यावर हवा काढणे अपरिहार्य असते. डॉट ३ व डॉट ४ तेल रंग खराब करते आणि हवेतील ओलावा शोषते. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो; म्हणून काढलेले तेल पुन्हा ओतत नाहीत.

एकेरी आणि दुहेरी प्रणाली

जुन्या जीपमध्ये एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना दाब पुरवतो. एक जोड सुटला तरी संपूर्ण ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असून एक फुटल्यास दुसरा शिल्लक राहतो, मात्र पेडल बरेच खाली जाते. डिस्क बसवताना दुहेरी सिलिंडरही बसवण्याचा प्रघात यामुळेच पडला आहे. ड्रमसाठीची, नळीत सुमारे १० पीएसआय दाब शिल्लक ठेवणारी झडप डिस्कच्या मार्गात राहिल्यास पॅड घासत राहतात आणि तेल तापते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे फेरफार वाहनात करण्यास मनाई आहे.