नातवासोबत पोषण पुनर्वसन केंद्रात

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरून तीव्र कुपोषित मूल रुग्णालयात येते, तेव्हा त्याच्यासोबत पुष्कळदा आजी असते. यामागे वर्षाचे चक्र आहे. दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडून येणे कठीण असते, त्यामुळे मागे ठेवलेले लेकरू आजीच्या अंगावर पडते. पावसाळ्यात आईबाप घरी असतात, पण तेव्हा लावणी असते. तरणे हात खाचरात हवे असतात, किंवा आई नुकती बाळंत झालेली असते. जुलाब आणि ताप याच दिवसांत वाढतात, कणगीतला दाणाही याच दिवसांत तळाला गेलेला असतो. मूल उचलून दवाखान्यात जाऊन राहील असे घरात एकच माणूस उरते.

निदान पाड्यावरच होते. अंगणवाडीताई मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर फीत गुंडाळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजतात. उंचीच्या मानाने वजन फार कमी असणे ही दुसरी खूण. तिसरी म्हणजे दोन्ही पावलांवरची सूज: अंगठ्याने काही सेकंद दाबले की खळगा पडतो आणि तो लगेच भरत नाही. ज्या मुलाला भूक आहे आणि दुसरा आजार नाही, त्याला गावातल्या बाल विकास केंद्रात खाऊपिऊ घालून सुधारता येते. भूक मेलेली असेल, ताप, जुलाब, न्यूमोनिया किंवा सूज असेल, तर मात्र पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा असतो, कधी त्याहून लांबतो.

या व्यवस्थेमागे याच मुलखाचे दुःख आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी इथे बालमृत्यू झाले आणि आदिवासी भागातल्या कुपोषणाकडे राज्याला पाहावे लागले. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार तिकडे गेले, शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. केंद्रांच्या कामाची देशभरची मार्गदर्शिका २०११ ची आहे.

पाड्यावरून निघणे हेच आजीला जड जाते. शेळ्या-कोंबड्या शेजारणीवर सोपवाव्या लागतात. भगताकडे जाऊन आलेले असते, दोरा बांधलेला असतो. रुग्णालयात तो दोरा तोडायला न लावणे शहाणपणाचे, कारण दोरा तुटला की विश्वासही तुटतो. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. मूल अत्यवस्थ असेल तर पुढे ठाण्याला न्यावे लागते. शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी मिळते. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी किंवा रुग्णवाहिकेने कल्याण गाठायचे. दाखल करताना अंगठा आजीचा, पण संमतीसाठी बापाला भट्टीवर फोन लावला जातो. तो बहुधा आशाताईच्या मोबाइलवरून.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असतात. उपाशी शरीरात साखर एकाएकी उतरते आणि अंग गार पडते, म्हणून आल्याबरोबर साखरेचे पाणी देतात आणि मुलाला उबेत ठेवतात. आजीने पोर छातीशी उघड्या अंगाने धरावे, डोके झाकावे आणि वरून चादर घ्यावी, हा उपचारच आहे. तो आजीला कुणी शिकवावा लागत नाही.

शिकवावे लागते ते मोजून भरवणे. सुरुवातीच्या दुधात दूध थोडे, बाकी पाणी, साखर, तेल. १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी आणि प्रथिने मुद्दाम कमी. दिवसाला किलोमागे साधारण १३० मिलिलिटर द्यायचे. सहा किलोच्या मुलाला दिवसभरात ७८० मिलिलिटर लागतात. दर दोन तासांनी, म्हणजे बारा वेळा, ६५ मिलिलिटर: लहान वाटीभरही नाही. आजीचा जीव तुटतो तो इथे. लेकरू हडकुळे झालेले आणि वाटी एवढीशी! पण दीर्घ उपासाने हृदय आणि मूत्रपिंडे थकलेली असतात. एकदम भरपूर अन्न गेले तर ती ते पेलू शकत नाहीत आणि मूल दगावू शकते. बिस्किटाचा पुडा, चहात बुडवलेला पाव, शेजारच्या खाटेवरून आलेला भात या मायेच्या गोष्टी या दिवसांत घातक ठरतात. ‘नको’ एवढाच हुकूम दिला तर आजी दुखावते. कारण सांगितले तर तीच राखण करते.

भरवायचे वाटी-चमच्याने, मांडीवर बसवून, डोके वर ठेवून. निजल्या मुलाच्या तोंडात ओतायचे नाही, नाक दाबायचे नाही. वाटीत उरलेले सिस्टर मापाने मोजून तक्त्यावर लिहिते, उलटी झाली तर तीही लिहिते. रात्री बाराला, दोनला, चारला तेच. आजीला घड्याळ वाचता येत नसेल तर सिस्टर उठवते, ‘आजी, दूध’. तिसऱ्या रात्रीपासून आजी हाक येण्याआधीच उठून बसलेली असते. खाटेखाली सतरंजी, उशाला पिशवी, एक हात वर पोराच्या पायावर.

सूज घेऊन आलेल्या मुलाचे वजन या दिवसांत आधी घटते. पाणी उतरते, गालांची गोलाई जाते, बरगड्या दिसू लागतात. आजीला वाटते, इथे आणून पोर आणखी वाळले. केंद्र सोडून निघून जाण्याचा सर्वांत मोठा धोका याच वेळी असतो. सूज उतरणे हे बरे होणेच आहे, हे दाखल करतानाच सांगून ठेवले आणि पायावर अंगठा दाबून रोज दाखवले, तर ती थांबते.

मग भूक येते. वाटी पाहून मूल हात पुढे करते, रडते तेही जोराने. दुधात दूध वाढते, १०० मिलिलिटरला १०० कॅलरी होतात, वेळांमधले अंतर तीन-चार तासांवर जाते. रोज एकाच वेळी, कपडे उतरवून वजन होते. किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त वाढ चांगली मानतात. सहा किलोच्या मुलाला हे दिवसाला ६० ग्रॅम. काट्यावरचा आकडा आजी वाचत नाही, पण सिस्टरचा चेहरा वाचते. वजन नीट वाढत नसेल तर क्षयरोगाचा शोध घेतात. घरात कुणाला खोकला आहे का, हे तेव्हा विचारलेच पाहिजे, आणि आजीलाही. तिचा स्वतःचा खोकला, अंगातले रक्त, गुडघे यांकडे एरवी कुणाचे लक्ष जात नाही.

खेळ हाही उपचाराचा भाग आहे. कुपोषित मूल गप्प असते, नजर देत नाही, आणि ते हसले की वॉर्डात सगळ्यांना कळते की आता वळण लागले. झाकणांची माळ, खडे घातलेली बाटली, आजीच्या बोलीतली गाणी एवढे साहित्य पुरते.

सोबतच्या माणसाला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. मजुरी आईलाच असे गृहीत धरण्याचे कारण नाही. चौदा रात्री जागणाऱ्या आजीला ती वेळेवर आणि पूर्ण मिळाली पाहिजे.

शेवटच्या दिवसांत स्वयंपाक दाखवतात. पाड्यावर मुलाला पातळ पेज मिळते. तिने पोट भरते पण बळ येत नाही, कारण तीत पाणीच फार. तीच नागली घट्ट शिजवून वर चमचाभर तेल, शेंगदाण्याचे कूट आणि गूळ घातला की त्याच वाटीतून कितीतरी जास्त मिळते. लहानग्याच्या पोटात मावते थोडे, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा भरवायचे. पाणी उकळून घ्यायचे. ज्या शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबई पिते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. उकळायला पाणी आणि सरपण दोन्ही आजीच्याच डोक्यावरून येते.

सूज गेली, भूक टिकली आणि वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले की घरी सोडतात. सहा किलोचे मूल तेव्हा ६ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास असते. पुढचे काही महिने ठरलेल्या तारखांना पुन्हा तपासणीला यायचे असते, आणि मधल्या काळात अंगणवाडीत वजन आणि फीत. तारीख कार्डावर लिहिलेली असते, पण आजीला ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवसाशी जोडून सांगितली तर लक्षात राहते. भट्टीवरून सून परतल्यावर आजी तिला कार्ड आणि वाटी दोन्ही दाखवते: किती, किती वेळा, आणि तेल कधी घालायचे.