कोंबडीचा चुना आणि अंड्याचे कवच

बँकेतून कोंबड्यांसाठी छोटे कर्ज घेतलेल्या एक मावशी एकदा काउंटरवर आल्या त्या तक्रार घेऊनच. "भाऊ, अंडी हातात घेतली की फुटत्यात. दुकानदार घेईना. हप्ता कुठून भरू?" मी पडलो कला शाखेचा पदवीधर! परंतु त्यांचा अर्ज मीच भरून दिला होता. म्हणून त्यांच्यासोबत पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तेथे जे समजले व पुढे वाचनात आले, ते आपल्या सभासदांसाठी व विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडतो.

अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुना, शास्त्रीय भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. एका कवचात साधारण २ ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. खाल्लेले सगळेच अंगी लागत नाही. त्यामुळे रोज अंडे देणाऱ्या कोंबडीच्या पोटात दिवसाला सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम जावे लागते. आता मावशींचा हिशेब पाहा. त्या ज्वारी आणि तांदळाची कणी घालीत. १०० ग्रॅम ज्वारीतून मिळते फार तर २५-३० मिलिग्रॅम! जमा पैशात आणि खर्च रुपयात, असा हा व्यवहार.

मग कोंबडी काय करते? ती ठेव मोडते. अंड्यावर येण्याआधी सुमारे दोन आठवडे तिच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होतो, त्यातून ती उचल करते. साठा संपत आला की कवच पातळ होते, कधी नुसत्या पापुद्र्यातले अंडे पडते. पुढे हाडे ठिसूळ होऊन कोंबडी पायावर उभी राहत नाही. शिवाय फुटलेले अंडे चाखले की तिला अंडी खाण्याची खोड लागते, आणि ती खोड फार वाईट.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. गरजेप्रमाणे कोंबडी तो स्वतः टिपते. चुरा जाडच का? कवच बनायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री चालते. पिठासारखी भुकटी लवकर निघून जाते; जाड कण पोटात दळले जात रात्रभर पुरतात. म्हणून तो दुपारनंतर समोर असावा. घरच्या अंड्यांची टरफले भाजून, कुटून घातली तरी चालतात. ओळखू येतील अशी मात्र घालू नयेत. पानाला लावायचा चुना मुळीच नको, तो तोंड भाजतो.

ऊनही हवे. ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. पिल्लांना व लहान तलंगांना मात्र अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांना ते बाधते.

प्रत्येक पातळ कवचाचा दोष चुन्यावर टाकता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. कडक उन्हाळ्यात धापा टाकणारी कोंबडी, म्हातारी कोंबडी किंवा राणीखेत होऊन गेलेली कोंबडी चुरा खाऊनही पातळ अंडी देते. अशा वेळी डॉक्टरांनाच दाखवावे.

मावशींनी शिंपल्यांचा चुरा ठेवायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात त्या हप्ता भरायला आल्या, तेव्हा कागदात गुंडाळलेली चार अंडी त्यांनी काउंटरवर ठेवली. एकही फुटलेले नव्हते.