लांबचा पल्ला आणि वाटेतली करमणूक

बॉयलर पेटायला अजून थोडा अवकाश आहे. ऊसतोड टोळ्या यायच्या आत चार दिवसांची उसंत मिळते, तेव्हा पुष्कळ सभासद मंडळी प्रवास उरकून घेतात. कुणी काशीला, कुणी लेकीकडे नागपूरला. पल्ला लांबचा असला की माणूस दोन तासांतच कंटाळतो. हल्ली गाडीत बसल्याबरोबर जो तो मोबाइलात मान घालतो आणि बॅटरी उतरली की जांभया देत बसतो! म्हणून सभासद बंधू-भगिनींसाठी हे चार शब्द.

आमचे मत विचाराल तर प्रवासात शेतकऱ्याइतकी फुकटची करमणूक दुसऱ्या कुणाची होत नाही. खिडकीशी बसावे आणि शिवार बघत जावे. त्याला कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी गाडी नाही. तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये एक अख्खी रात्र, आणि तरी राज्याची हद्द काही ओलांडायची नाही! निघताना दोन्ही अंगांना आपला ऊस. रात्री अहिल्यानगर जिल्हा लागतो. जागे असाल तर बेलापूर स्टेशनवर पोरांना सांगावे की, इथून जवळच लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला. पुढे जळगाव-भुसावळकडे केळीच्या बागा, अकोल्याच्या बाजूला काळ्या रानात फुटलेला कापूस, आणि भंडारा-गोंदियाकडे बांध्यांतला धान.

त्यातून शेजारी वऱ्हाडातला शेतकरी भेटला तर विचारूच नका. आपण 'कोळपणी' म्हणावे, त्याने 'डवरणी' म्हणावे. आपली खुरपणी ती त्याची निंदणी, आपला कुळव तो त्याचा वखर. मग 'काय वो, तुमच्याकडं सोयाबीन किती उतरलं?' असे सुरू झाले की दोन स्टेशने कधी गेली ते कळत नाही. बायामाणसांनी पोरांना कोडी घालावीत, भेंड्या लावाव्यात. मात्र एक सांगतो, डब्यात मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणे ही करमणूक नव्हे. ती शेजाऱ्याला शिक्षा.

वारीत तर सारा प्रवासच करमणुकीचा. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीच आठवड्यांहून अधिक दिवसांची वाट, तीही पायी. अभंग, भारूड, फुगडी, रिंगण यांत पाय कधी दुखले ते मुक्कामाला गेल्यावर आठवते.

हे झाले बसणाऱ्याचे. हाकणाऱ्याचे काय? हंगामात ऊस घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला रात्र-रात्र एकटा असतो. पूर्वी बैलगाडीवाला वाटेत पेंगला तरी फारसे बिघडत नसे, बैलांना कारखान्याची वाट पाठ. ट्रॅक्टरला ती पाठ नसते. झोप येऊ नये म्हणून पोरे भलेमोठे स्पीकर बांधतात आणि कानठळ्या बसतील अशी गाणी लावतात. कुणी कानात बोंडे घालून बसते. करमणूक होते खरी, पण मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही, दुसऱ्या ट्रॉलीची पिन निसटली तरी पत्ता लागत नाही. आणि गाण्याने झोप जात नाही, ती फक्त लपते. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान तर डोळे उघडे ठेवूनच माणूस झोपतो.

त्यापेक्षा डोळे जड झाले की ट्रॅक्टर रस्त्याच्या पार खाली उतरवून घ्यावा, कपभर चहा घ्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे डोळा लावावा. चहाचा अंमल चढेतो झोपही उरकते. खेपेला अर्धा तास उशीर झाला म्हणून उसाचे वजन असे किती घटणार? जोडीला बोलका माणूस मिळाला तर फारच उत्तम, पण त्याला मडगार्डवर बसवू नये. गाणी ऐकायचीच तर यार्डात नंबर लागेपर्यंत खुशाल ऐकावीत, तिथे वेळच वेळ असतो.

ज्या सभासदांचे स्वतःचे ट्रॅक्टर आहेत त्यांनी पहिली खेप निघण्याआधी ड्रायव्हरशी एवढे बोलून घ्यावे, आणि त्याच वेळी ट्रॉलीच्या मागचे रेडियम पुसलेले आहे ना, तेही बघावे.